भिंतीवरची पंचफुला

गोरेगावच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवणारा मसाजी पेंटर १९९६ साली काविळीनं गेला. त्याची बायको पंचफुलाबाई त्याच्या हाताखाली अक्षरांत रंग भरून तरबेज झालेली. तिनं धंदा सोडला नाही. विधवा वहिनीनं भर रस्त्यात शिडीवर चढावं, हे धाकट्या दिराला, अमृतरावला, खपेना. ती ऐकेना.

एका रविवारी शेजारच्या जनकाबाईनं तिला प्रार्थनेला नेलं. पत्र्याच्या छपराखाली ढोलकी घुमत होती. येशूचं नाव घेत बाया टाळ्या पिटत होत्या, उड्या मारत होत्या, रडता रडता हसत होत्या. नवरा गेल्यापासून पंचफुलाला कुणी मोकळं हसू दिलं नव्हतं. त्या दिवशी ती घामाघूम होईस्तोवर नाचली.

पुढच्या नाताळाआधी तिनं प्रार्थनाघराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर ती सभाच रंगवली. वर उचललेले हात, सुटलेले अंबाडे, उघडी तोंडं. अन् मधोमध हिरव्या लुगड्यात ती स्वतः.

अमृतराव तणतणत आला. "वैनी, सारा बाजार हसून राहिला. नवरा गेलेल्या बाईनं नाचायचं, वरून भिंतीवर दाखवायचं? पुसा ते!"

"नाचले तेच काढलं, भावजी. न्हाई पुसत."

दुसऱ्या सकाळी भिंतीवरच्या पंचफुलाच्या तोंडाला चुना फासलेला होता. प्रार्थनाघर चालवणारे पास्टर घाबरले. "बाई, तुमच्या जागी एखादं झाड काढा."

"काहून? झाडाला कुनी नाचू नको म्हनलं का?"

तिनं चुना खरवडला आणि स्वतःला पुन्हा काढलं, आधीपेक्षा हातभर उंच.

रविवारी सभा रंगात असताना अमृतराव चुन्याची बादली घेऊन उघडपणे आला. पंचफुला बाहेर धावली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "मारा चुना! आता रंगातली न्हाई, जिती बाई हाय. सगळ्यांदेखत मारा."

जनकाबाई तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. मग बाकीच्या बायाही आल्या. कुणीतरी ढोलकी बाहेर आणली आणि गाणं तिथंच सुरू झालं. अमृतरावनं उचललेली बादली खाली घेतली. हिसक्यानं चुना त्याच्याच धोतरावर सांडला. तो तसाच निघून गेला.

त्यानं वहिनीशी संबंध तोडले. त्याच्या मुलीच्या लग्नाचं आवतन आलं नाही, तेव्हा पंचफुला दिवसभर रडली. पण दर नाताळाला ती भिंतीवर नवा रंग चढवायची आणि वर्षभरात आलेल्या नव्या बाया त्यात काढायची. २००६ पर्यंत त्या भिंतीवर जागा उरली नाही. मग तिनं बाजूची भिंत धरली.