मिक्सर परत न्यायला आलेले दुकानदार

वडवणीच्या बाजारात त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. नवनव्या कंपन्यांचा माल गावात नुकताच यायला लागला होता. कुठलीही वस्तू विकताना ते तिच्यावर लेकीसारखा हात फिरवून म्हणायचे, "लई गुणाची हाय."

एकदा कंपनीनं त्यांना कळवलं, की मिक्सरच्या पत्र्यात करंट उतरतो, विकलेले सगळे परत घ्या. ते आमच्या घरी आले, पण आई मिक्सर देईना.

"मला तर कधी शॉक बसला न्हाई," ती म्हणाली.

"तुमी लाकडी पाटावर बसता, वैनी. म्हणून वाचलात."

तिला पटावं म्हणून ते चपला काढून ओल्या फरशीवर उभे राहिले, बटण दाबलं आणि मिक्सरला हात लावला. काहीच झालं नाही, कारण लाइट गेली होती. आई हसली. ते मात्र चहा घेत लाइटची वाट बघत बसले. पंखा फिरायला लागताच उठून त्यांनी पुन्हा हात लावला आणि झटक्यासरशी पिठाच्या डब्यावर जाऊन आदळले. मी धावत जाऊन बटण बंद केलं.

"पटलं का आता?" त्यांचा चेहरा उजळला होता.

आईनं मिक्सर पिशवीत घालून दिला. दारात ते हात चोळत थांबले.

"वैनी, शेजारच्या घरी जरा तुमीच येऊन सांगता का?"