सात नंबरचा जबाब

माझी आत्या एका माल साठवणाऱ्या कंपनीत इंग्रजी पत्रं लिहिते. गेली सव्वीस वर्षं तिच्या टेबलावरून एकही चूक पुढे गेलेली नाही, आणि चूक करणारा माणूसही सहज सुटलेला नाही. लाल पेनाने ती नुसतं खोडत नाही, समासात ‘शाळा कोणती?’ असंही लिहिते.

गेल्या वर्षी मुख्य कार्यालयाचं परिपत्रक आलं. चौकशीच्या जबाबात बोलणारा माणूस बाई आहे की पुरुष हे कळता कामा नये. तेव्हा इंग्रजीत त्याला ‘ही’ किंवा ‘शी’ म्हणू नये, ‘दे’ म्हणावं. आत्या घरी आली ती पर्स आपटतच.

“एका माणसाला ‘दे’! उद्या एका चपलेला जोड म्हणा!”

“अगं ताई,” बाबा म्हणाले, “साहेब आले, साहेब बसले, साहेब शिंकले, असं आपण म्हणतोच की. साहेब किती असतात?”

“तो मान झाला.”

“मग हाही मानच समज.”

“तू गप रे.” धाकट्या भावापुढे मुद्दा संपला की ती हेच म्हणते.

आणि नेमका महिनाभरात गोदामात पुठ्ठ्यांनी पेट घेतला. जाळ थोडा, धूर फार. मागच्या दाराला कुलूप, त्यामुळे बाराच्या बारा माणसं पुढच्या दारात खोकत चेंगरली. कोणाला इजा झाली नाही, पण वरून चौकशी लागली: कुलूप कोणी लावलं? बारा जणांचे जबाब घ्यायचे, नावं नाहीत, नुसते नंबर. लिहिणार आत्या. आणि अहवाल वर जाण्याआधी एकदा नजरेखालून घालणार कोण, तर गोदामाचे साहेब! म्हणजे दुधाची तपासणी मांजराकडे.

अकरा पुरुषांनी एकच जबाब दिला. मुकादम म्हणाला, “मी आपला पाठमोरा होतो.” ड्रायव्हर म्हणाला, “मीसुद्धा पाठमोराच.” अकरा माणसं एकाच वेळी पाठमोरी असलेलं ते जगातलं पहिलंच गोदाम असावं.

बोलली ती एकटी काटेवाली. आलेला माल काट्यावर चढवून वजन लिहून घेणारी, गोदामातली एकुलती एक बाई. ती म्हणाली, “कुलूप साहेब लावतात. चहाला कोणी मागून सटकू नये म्हणून. किल्ली त्यांच्या खणात असते.” आणि मग हळूच, “बाई, माझं नाव फुटलं तर संपलं हं. माझा करार महिनाअखेरीला संपतो. पुढची सही साहेबांचीच.”

“माझ्यावर सोड,” आत्या म्हणाली.

अहवाल टाइप झाला. चारला साहेबांकडे जायचा होता. तीनला काटेवाली टेबलापाशी हजर. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिला पोत्याचं वजनही पटत नाही, तर जबाब कसा पटावा? बोट ठेवून ती पानं उलटत गेली. इंग्रजी बेताचंच, पण मोजणी पक्की.

“बाई, हे अकरा जण ‘ही’. आणि सात नंबर एकटा ‘दे’.”

“बरोबर. तू बाई आहेस हे झाकायला नको?”

“झाकलंत? अहो, माझ्या डोक्यावर कंदील ठेवलात!”

आत्याने पानं स्वतःकडे ओढली. पुरुषांचं काय झाकायचं, असा तिचा साधा हिशेब. ‘दे’ म्हणजे कडू औषध, दुखेल तिथेच लावायचं, उगीच अंगभर कशाला फासा? सव्वीस वर्षांत तिने पहिल्यांदा चूक केली, आणि तीसुद्धा सुवाच्य.

मग पाऊण तास ती यंत्रासारखी टाइप करत होती. अकरा पाठमोऱ्या पुरुषांना तिने एकेक करून ‘दे’ केलं. शेजारी उभी राहून काटेवाली अंगठ्याने ओळी तपासत होती. “हे ‘काट्याजवळून दार दिसतं’ पण काढा. काट्याजवळ दुसरं कोण बसतं?” ते काढलं. साहेबांचा शिपाई अहवाल न्यायला आला तेव्हा कागद गरम होते.

पाचच मिनिटांत साहेबांनी बोलावलं. साहेबांचं प्रत्येक वाक्य ‘प्रश्न असा आहे’ने सुरू होतं आणि प्रश्नाआधीच संपतं.

“प्रश्न असा आहे की, बाई... हा सात नंबर बाई की बाप्या?”

“वरून नियम आलाय, साहेब.”

“प्रश्न असा आहे की, एका माणसाला अनेकवचन? तुम्हाला पटतं?”

“तुम्हाला रोज लावतोच की, साहेब.”

हे ती मोठ्याने बोलली की मनात, याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. अहवाल मात्र वर गेला.

पंधरा दिवसांत हुकूम आला: मागचं दार कामाच्या वेळी सदैव उघडं. साहेबांना ताकीद. खाली एक ओळ, सात नंबरच्या धैर्याचं कौतुक. महिनाअखेरीला काटेवालीच्या करारावर साहेबांनी न पाहता सही केली.

इथपर्यंत सगळं छान. पण कौतुकाची ओळ फळ्यावर लागली आणि पाठमोरी मंडळी एकेक करून तोंड वळवू लागली. ड्रायव्हर म्हणाला, “सात आकडा आपला लकी.” हमालांतला एक जण नुसताच गूढ हसत फिरायला लागला. आठवड्याभरात सात नंबरचे पाच दावेदार झाले.

काटेवाली तणतणत आत्याकडे आली. “सांगा ना एकदा सगळ्यांना!”

“सांगते. साहेबांनाही कळवू का?”

काटेवाली गोदामात परत गेली. मागच्या उघड्या दारात वारा खात मुकादम बसला होता. तिला पाहून त्याने बाजूचं खोकं पुढे सरकवलं.

“बस. तुला म्हणून सांगतो, कुणाला बोलू नकोस. बायकामाणसाचं काम नव्हतं ते. सरळ तोंडावर म्हटलं, किल्ली साहेबांच्या खणात आहे!”

काटेवालीने खोक्यावर बसून पदर सावरला.

“अगंबाई! मग? पुढे काय म्हणालात?”