कंधारकरबाईंचा लाल कोट

कंधारकरबाई कोणाच्याही घरी गेल्या की बसायच्या आधी खुंटीवरचे कपडे न्याहाळायच्या. त्यानंतर पडदे, मग सोफ्याचे अभ्रे. "हा पडदा थकलाय की," असं म्हणाल्या की घरच्यांनी समजायचं, पडदा नाटकात गेला. विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या या बाई हैदराबादच्या आमच्या मराठी मंडळाच्या वेषभूषाप्रमुख होत्या. शिवण त्यांना बेताचंच येत होतं आणि ते त्यांनी कधी लपवलंही नाही. "मला टाके येत नाहीत रे, हिंमत येते," म्हणायच्या आणि कात्री चालवायच्या.

खर्ड्याच्या लढाईला दोनशे वर्षं होत होती. एका बाजूला पुण्याचे मराठे, दुसऱ्या बाजूला हैदराबादचा निजाम, अशी ती लढाई मंडळानं नामपल्लीच्या मैदानावर उभी करायचं ठरवलं. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि पत्रकं लिहीत होतो. देश विकायला काढलाय आणि तुम्ही सरंजामदारांच्या तलवारी कसल्या फिरवताय, असं एक पत्रक मी या कार्यक्रमाविरुद्धही छापलं आणि नारायणगुड्यात घरोघर टाकलं. त्यातला एकही शब्द मी आजही मागे घेत नाही.

चार दिवसांनी बाईंनी विद्यानगरच्या घरी बोलावलं. भांडायच्या तयारीनंच गेलो. टेबलावर माझी पत्रकं खळीनं एकमेकांना चिकटवलेली होती आणि त्यांतून कोटाची बाही कापलेली होती.

"कागद चांगला कडक आहे तुझा. बाहीचा नमुना सुरेख निघाला. अजून उरलीत का? पाठीला कमी पडतायत."

मी नेऊन दिली. आपलं म्हणणं लोकांच्या अंगी लागावं, असं तर आम्ही सगळेच म्हणत होतो.

पलंगावर लाल लोकरीचा एक जुना ओव्हरकोट पसरलेला होता. बाजार खुला झाल्यापासून परदेशातल्या उतरलेल्या कपड्यांचे गठ्ठे आमच्या फूटपाथवर येऊन पडत होते, त्यातलाच हा. मी म्हणालो, "बाई, तिकडचं टाकलेलं आपण का अंगावर घालायचं? ही गुलामी आहे."

"निजामाच्या पलटणीला कवायत कोणी शिकवली? फ्रेंचांनी. मग कोट परदेशीच पाहिजे. परेशान नको होऊस, ब्लेड घे आणि अस्तर उसव."

उसवताना माझ्या लक्षात आलं, की कोट बायकांचा आहे. बटणं उलट्या बाजूला, खांद्यात स्पंजच्या गाद्या. "शिपायाला सांगू नकोस," बाई म्हणाल्या. छातीवर पांढऱ्या कापडाचे रुंद पट्टे बसवून त्यांनी बटणांची बाजूच झाकून टाकली. गाद्या काढून, झालर लावून त्या खांद्यांवर बाहेरून शिवल्या. ओळखीच्या एका बँडवाल्यानं पितळी बटणं दिली. "अम्मा, निजाम की फौज है तो चमकना होना ना," म्हणाला. पुढचा घोळ कापताना मात्र बाईंची कात्री एका बाजूला फारच वर गेली. दुसरी बाजू तेवढीच कापावी लागली. लांब उभं राहून त्यांनी कोट पाहिला. "सुभेदाराचा होता, शिपायाचा झाला. चालतंय."

खरी अडचण शिपायांची होती. मराठ्यांकडून लढायला रांग लागलेली, निजामाकडून एकही माणूस नाही. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "चार हमाल आणू, गोणपाट गुंडाळू. लोक हसतील तरी."

बाईंचा चेहरा उतरला. त्यांना इतकं लागलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. "समोरचा गोणपाटात असेल तर जिंकलात कोणाला?" त्यांनी विचारलं. रविवारपर्यंत माणसं मिळाली नाहीत तर गोणपाट, असं अध्यक्षांनी सांगून टाकलं.

रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये बाईंनी कोट टांगला. प्रत्येकानं तो घातला, आरशात पुढून-मागून पाहिलं आणि जपून काढून ठेवला. बँकेतला धिप्पाड उमरीकर म्हणाला, "झकास झालाय बाई. पण आपण पडलो मराठी माणसं."

"उमरी कुठं आली रे?"

"नांदेडकडं."

"खर्ड्याच्या वेळी तिथं राज्य कोणाचं?"

उमरीकर कोटाची झालर सारखी करू लागला.

"निजामाचं. मग तुझे पूर्वज पगार आणायला पुण्याला जात होते? माझे तर निजामाच्या फौजेतच होते, कंधारच्या किल्ल्यावर. खर्ड्यालाही गेले होते, आणि हरून परत आले. त्यांना मी गोणपाट घालू?"

मागून वसमतकर वकील खाकरले. इतके गंभीर गृहस्थ, की त्यांच्यासमोर आम्ही चपलासुद्धा हळू काढायचो. "आमचेही तिकडंच होते," ते म्हणाले. "घरात कोणी बोलत नाही." आणि त्यांनी कोटासाठी हात पुढं केला. बाही दंडात अडकली. बाईंनी तिथंच उसवायला घेतली.

त्यांच्यामागं उमरीकर उभा राहिला, मग आणखी बरेच. राजासाठी मी उभा राहणार नाही, पोटासाठी लढणाऱ्या शिपायासाठी राहीन, असं मीही स्पष्ट केलं. "राहा रे बाबा, भाषण नको, टोपी घे," बाई म्हणाल्या. बाकीच्यांसाठी थकलेले पडदे लाल रंगात बुडाले.

बाई गेल्या वर्षी गेल्या. त्यांची आठवण निघाली की मला तालमीतला त्यांचा आवाज ऐकू येतो. "हरायचं तर आहेच. पण धावायचं नाही. तोंड समोर, पाऊल मागं, रांग सरळ."

मैदानावर आम्ही तसंच केलं. सगळ्यांच्या पुढं लाल कोटात वसमतकर वकील, बंदूक छातीशी. मराठे आरोळी ठोकून धावत आले आणि गोंधळून थांबले, कारण पाठलाग करायला कोणी पळतच नव्हतं. आम्ही एकेक पाऊल मागं जात होतो. प्रेक्षकांतून टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या आमच्यासाठी होत्या.

कर्ण्यावरून अध्यक्ष वर्णन करत होते. "शत्रूचं सैन्य आता..." म्हणाले आणि अडखळले. दोरीपलीकडं उभ्या बाईंकडं त्यांनी पाहिलं असावं.

"आपली पलीकडची माणसं," ते म्हणाले, "माघार घेतायत."