मागच्या चाकाचं तेल

मी गाडीखालून सरकत बाहेर आलो, तर डोक्याशी थोरले आप्पा बादली घेऊन उभे. बादलीत शेणकाला. मी उठून बाजूला होईपर्यंतही त्यांना दम नव्हता. मी पाठ टेकून झोपलो होतो तिथं त्यांनी पहिला तांब्या ओतला. दुसरा चाकावर. मग घरच्या ड्रायव्हरला म्हणाले, "खालनं बी मार रं. ह्याचा हात लागलाय तिथं समदीकडं."

हातात पाना धरून मी बघत राहिलो.

खानापूरजवळचं आमचं गाव. माझं घर म्हारवाड्यातलं. गॅरेज म्हणजे रस्त्याकडेच्या चिंचेखाली ताडपत्रीचं छप्पर आणि एक लोखंडी पेटी. आप्पांचे चिरंजीव बेळगावात वकिली करतात, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. नाक्यावर त्यांचे गाळे आहेत. त्यातला कोपऱ्यातला मला भाड्यानं देतो, असं ते सहा महिने म्हणत होते. पक्कं छत, आणि जमिनीत खड्डा पाडायची परवानगी. वीस वर्षं गाड्यांखाली चिखलात झोपून माझी कंबर गेली आहे. खड्डा असता तर मला उभं राहून काम करता आलं असतं. एवढ्यासाठी मी तोंड शिवून घेतलं होतं.

त्यांची गाडी गॅरेजवर यायची नाही, मीच त्यांच्या दारात जायचं, ही त्यांची रीत. वर "आमच्यात जातबीत काय न्हाय" हे अण्णांचं ठरलेलं वाक्य. शेणकाल्याच्या वेळी ते नेमके फोनवर असायचे.

मागच्या अॅक्सलमधून, उजव्या चाकाकडून, गिअर ऑइल गळत होतं. ते चाकाच्या ड्रममध्ये उतरलं की ब्रेक धरत नाही. मी चाक काढलं, शाफ्ट ओढला, कडक झालेलं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारं रबरी कडं, काढून नवं बसवलं. पंधरा दिवसांनी पुन्हा गळती. पुन्हा नवं सील, पुन्हा शेणकाला, पुन्हा गळती.

तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा ओसरीवर पाहुणे होते. अण्णा त्यांच्यासमोर म्हणाले, "ह्येच्या हाताला गुणच न्हाय. आडातच न्हाय तर पोहऱ्यात कुठनं येणार?" पाहुणे हसले.

मला राग आला नाही, हे सांगताना आज लाज वाटते. मला ते खरं वाटलं. आधीच्या काही दिवसांत मी जेवताना स्वतःच्या हातांकडं बघत बसायचो. बायको म्हणायची, "काय झालंय हातास्नी? त्याच हातांनी अर्ध्या तालुक्याच्या गाड्या चालत्यात." मी ऐकून सोडून द्यायचो. अण्णा शिकलेला माणूस. तो म्हणतो म्हणजे असेल.

मुकाट्यानं गाडीखाली गेलो. तेल बघायचा बोल्ट सैल केला तर आतून फुस्स करून हवा आली. सील काढून पाहिलं, कोरं करकरीत. अॅक्सलच्या माथ्यावर करंगळीएवढी नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. गाडी चालली की आतलं तेल तापतं, हवा फुगते आणि त्या नळीतून बाहेर पडते. नळी बुजली की हवा तेलाला ढकलत सीलमधून वाट काढते. नळीची टोपी तुटली होती, पण पहिल्या वेळी मीच नळी तारेनं साफ केली होती. म्हणून पुन्हा बघितली नाही. ती चूक माझी.

ब्रीदर काढला. भोकात वाळलेलं शेण, गच्च. त्यात गवताची एक काडी.

मी तसाच पडून राहिलो. आधी हसू आलं, मग रडू, मग दोन्हीचा कंटाळा आला. माझा हात लागला म्हणून धुतलं, धुतलं म्हणून बुजलं, बुजलं म्हणून गळलं, आणि गळलं म्हणून माझाच हात वाईट. अशी किती खापरं आमच्या बापजाद्यांच्या डोक्यावर फुटली असतील कोण जाणे. त्यांनाही ते खरंच वाटलं असेल.

बाहेर आलो. ब्रीदर तळहातावर ठेवून हात अण्णांपुढं केला.

"सील चांगलं हाय, अण्णा. ह्यात शेण बसलंय. तुमच्या घरचं."

अण्णांना लगेच समजलं. वकील माणूस. म्हणाले, "ठेव खाली. साफ करून बसव आन जा. गाळ्याचं उद्या बोलू."

"खाली न्हाय ठेवत. हातात घ्या, मग बसवतो."

"लई बोलाय लागलास."

"व्हय."

अण्णांचा हात मांडीवरून हलला नाही. माझा खांदा भरून आला तरी मी थांबलो. तेवढ्यात आप्पा बादली घेऊन आलेच. मी ब्रीदर त्या बादलीत टाकला.

सील, शाफ्ट आणि चाक मात्र बसवून दिलं. जॅकवर लटकलेली गाडी पोराबाळांच्या घरात सोडणं माझ्या धंद्यात बसत नाही. "ब्रेकात तेल हाय, गाडी काढू नका," एवढं ड्रायव्हरला सांगितलं आणि निघालो.

गाळा दुसऱ्याला गेला. गावातली चार गिऱ्हाईकं तुटली. कंबर दुखते ती दुखतेच, आणि पावसाळ्यात तर उठवत नाही. पण आता मी कुणाच्या दारात जाऊन गाडीखाली झोपत नाही. गाडी माझ्याकडं आणायची. किल्ली माझ्या हातात द्यायची. बॉनेटवर ठेवलेली किल्ली मी उचलत नाही. गाडी तिथं गंजली तरी उचलणार नाही.