निळ्या पडद्यावरची अक्षरं

माझे बाबा पवनीत पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, शाळांच्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागच्या. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा त्यांना आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मिळालं. अर्जुनीकडच्या गावांमधल्या फलकांवरचं ‘जि. भंडारा’ पुसून ‘जि. गोंदिया’ लिहायचं होतं. सायकलला रंगाचे डबे बांधून ते महिनाभर तिकडेच फिरले. परत आल्यावर आईला म्हणाले, “दोन्हीतही तीनच अक्षरं हायेत, म्हणून जागा पुरली.”

त्यानंतर काही वर्षांतच फ्लेक्स आले. आणि ते आमच्या गावात आणणाऱ्यांपैकी एक मीच होतो. भंडाऱ्याला डिझाइन शिकून मी बस स्टँडजवळ दुकान टाकलं. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, निवडणुकीचे बॅनर. डिझाइन मी करायचो, छपाई भंडाऱ्याला व्हायची. बाबांची कामं कमी होत गेली. याबद्दल ते मला कधी काही बोलले नाहीत. दुपारी जेवून दुकानात यायचे आणि बाकावर बसून माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहायचे.

मोठे बॅनर करताना माझा कॉम्प्युटर फार अडखळायचा, म्हणून मी नागपूरहून एक जुनं ग्राफिक्स कार्ड आणलं. दुकानदाराने सोबत एक सीडी दिली होती. कार्ड बसवलं, सीडी चालवली, चित्रं झरझर उघडू लागली. मी खुशीत बाबांना म्हणालो, “या बाबा, तुम्हीही काढून पाहा काहीतरी.”

ते खरंच आले. माऊस त्यांनी ब्रश धरावा तसा तीन बोटांत धरला. पहिले चार दिवस नुसती शिरोरेषा ओढली. ती सरळ यायला लागली तेव्हा ‘अ’ काढायला घेतला. गिऱ्हाईक नसलं की मी खुर्ची त्यांना द्यायचो.

त्याच आठवड्यात कॉम्प्युटर बंद पडू लागला. चालू असता असता पडदा निळा व्हायचा, त्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांच्या ओळी यायच्या, आणि त्या वाचून होण्याआधीच मशीन आपोआप पुन्हा सुरू व्हायचं. केलेलं काम गेलेलं असायचं. पहिल्या दोन वेळा खुर्चीत बाबा होते.

मला जे जे माहीत होतं ते मी केलं. रॅम काढून तिचे पाय खोडरबराने घासले. कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून आत टेबलफॅनचा वारा सोडला, कारण आमच्याकडचा उन्हाळा माणसालाच सोसत नाही तर मशीनला काय सोसेल. व्हायरस शोधला. शेवटी सगळं पुसून विंडोज नव्याने टाकलं आणि तीच सीडी पुन्हा चालवली. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी एक जण त्याच्या वारलेल्या वडिलांच्या पुण्यानुमोदनाची पत्रिका बघायला आला होता. मी त्याच्याशी बोलत होतो, बाबा पडद्यावर पत्रिकेच्या कोपऱ्यातल्या एका अक्षराची वेलांटी नीट करत होते. पडदा निळा झाला. पत्रिका गेली.

“बाबा, तुम्ही हात लावला की बंद पडते!” मी ओरडलो. “काय दाबता कोणास ठाऊक. आता कृपा करून हात लावू नका.”

गिऱ्हाईक खाली बघू लागलं. बाबांनी माऊस खिशातल्या रुमालाने पुसला, जागेवर ठेवला आणि उठून बाकावर जाऊन बसले. “मी तं काहीच दाबलं नाही,” एवढंच म्हणाले, तेही हळू.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले, पण खुर्चीकडे फिरकले नाहीत. आणि मशीन मात्र बंद पडतच राहिलं. आता खुर्चीत मी एकटाच असायचो. हे दिसत असूनही मी ते स्वतःशी कबूल केलं नाही. बाबांनी आधी काहीतरी बिघडवून ठेवलं असेल, असं मी मनाशी धरून होतो. आज मला त्या बिघाडापेक्षा याचंच जास्त आश्चर्य वाटतं. चूक दुसऱ्याची आहे असं एकदा ठरवलं की समोरचा पुरावासुद्धा मी त्याच ठरवण्याच्या कामाला लावत होतो.

आठ-दहा दिवस असे गेले. एका दुपारी पडदा पुन्हा निळा झाला, मी कपाळाला हात लावला, आणि बाकावरून बाबा उठून आले. त्यांच्या हातात रद्दी पत्रिकेचा पाठकोरा कागद होता. त्यावर पेन्सिलीने त्या निळ्या पडद्यावरच्या ओळी उतरवलेल्या होत्या. इंग्रजी अक्षरं, आकडे, शून्यं, फुल्या, सगळं जसंच्या तसं.

“हे पाय,” ते म्हणाले. “दरवेळी हेच येते. वरचे आकडे बदलते, पण खालची ही वळ बदलत नाही.”

“हे तुम्ही कधी लिहिलं? दोन सेकंदही राहत नाही ते.”

“एकाच वेळी कुठं लिवलं? एका वेळी एक वळ पायली. मले त्याचा अर्थ नाही समजत, पण अक्षर दिसलं का ध्यानात राह्यते.”

बाबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण इंग्रजी पाट्या त्यांनी जन्मभर रंगवल्या होत्या. अक्षराचा आकार डोळ्यांनी उचलून हाताने उतरवायचा, हेच त्यांचं काम होतं. मी त्या ओळी इतके दिवस पाहत होतो, पण त्यातलं एक अक्षरही मला सांगता आलं नसतं.

भंडाऱ्याला माझ्यासोबत शिकलेला एक मित्र कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्याला फोन लावला आणि बाबांच्या कागदावरची खालची ओळ एकेक अक्षर करून वाचून दाखवली. ते एका फाइलचं नाव होतं.

“अरे, ही तं डिस्प्लेच्या ड्रायव्हरची फाइल आहे,” तो म्हणाला. “ड्रायव्हर कोणता टाकला?”

“कार्डासोबत सीडी आली होती, त्यातलाच.”

“कार्ड काढ आणि त्याच्या मागचं स्टिकर वाच.”

स्टिकरवरचा मॉडेल नंबर एक होता आणि सीडीवरचा दुसरा. ड्रायव्हर म्हणजे विंडोजला त्या कार्डाकडून काम कसं करून घ्यायचं हे सांगणारा प्रोग्राम. मी दुसऱ्याच कार्डाचा टाकला होता. थोडा वेळ ते निभावायचं, पण मध्येच कधीही सगळं कोसळायचं. सगळं पुसून नव्याने टाकलं तरी मी तीच सीडी वापरली होती, म्हणजे बिघाड मीच पुन्हा आत ठेवला होता.

मित्राने बरोबर ड्रायव्हर शोधून सीडीवर घातला आणि पवनीच्या बसच्या कंडक्टरजवळ दिला. सीडी हातात आल्यावर मी मशीन सेफ मोडमध्ये, म्हणजे त्या ड्रायव्हरशिवाय, सुरू केलं. त्यात पडद्यावर सगळं मोठं आणि ढोबळ दिसतं. बाबा मागून म्हणाले, “हे बरं दिसून राह्यलं. चष्म्याबिगर वाचता येते.” मी जुना ड्रायव्हर काढला, नवा टाकला, आणि सगळ्यात मोठा बॅनर उघडून तासभर छळला. पडदा निळा झाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

“बाबा, चूक माझी होती,” मी म्हणालो. “सीडीच चुकीची होती. तुम्ही काही केलं नव्हतं.”

“मले मालूम होतं,” ते म्हणाले.

“मग बोलले काहून नाही?”

“बोललो ना. एकदा बोललो होतो.”

मी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी ती हाताने मागे केली. “नाही बाबू. तुझं काम तू कर.” आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी करता आलं असतं. मी नंतरही खूपदा म्हणून पाहिलं, पण त्या खुर्चीत ते पुन्हा कधी बसले नाहीत.

पुढे एका विहाराच्या कमानीचा फ्लेक्स करायला आला. तयार फॉन्टमधली अक्षरं मला पटेनात. मी बाबांना म्हणालो, “तुम्ही कागदावर लिहून द्या, मी स्कॅन करतो.” दोन दिवसांनी त्यांनी घरून कागदाची गुंडाळी आणली. जाड, भरीव, थोडी झुकलेली अक्षरं होती. मी ती तशीच उचलली आणि कडा साफ केल्या. मग अशी कामं अधूनमधून येत गेली. लोक येऊन सांगायचे, “त्या कमानीवर हायेत तसे अक्षर पायजे.”

तो पहिला फ्लेक्स लागला त्या सकाळी आम्ही दोघं बघायला गेलो. बाबा रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीजवळ थांबले आणि मान तिरपी करून बराच वेळ पाहत राहिले.

“कसा झाला?” मी विचारलं.

“बरा हाय,” ते म्हणाले. “पण तिसरी वेलांटी तू साफ करता करता बारीक करून टाकली.”