बंगल्याचे कवेलू

दरेकशाच्या जंगलातल्या त्या गावात मी गुरुजी म्हणून गेलो, तेव्हा शाळा बंगल्यात भरायची. बंगला लाकडाच्या धंद्यातल्या एका गोऱ्या साहेबानं बांधलेला. सत्तेचाळीसला तो गेला, मग दोन वर्षं एक रेंजर राहिला, मग वटवाघळं राहिली आणि शेवटी आम्ही.

पहिल्याच पावसाळ्यात मुलं कोरडा कोपरा शोधत पाढे म्हणू लागली. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी भिजलेलं हजेरीपत्रक उचलून पाहिलं आणि बजावलं, पुढच्या जूनपर्यंत छप्पर नीट नसेल तर शाळा बंद. मुलांनी चार कोसांवर रेल्वे स्टेशनच्या गावी जावं. वाटेत अस्वलांचं रान होतं. एकही मूल जाणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

उन्हाळ्यात तिकडे घरोघर कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरतात. उतरवायचे, फुटके काढायचे, पुन्हा रचायचे. बंगल्याला मात्र कोणी हात लावेना. साहेबाच्या काळी घरटी एक माणूस तिथं फुकट राबायचा. शिडी मागच्या अंगाला लागायची, गावच्या माणसाला पुढच्या व्हरांड्यावर पाय ठेवायची मुभा नव्हती. स्वराज्य आलं तसं गावानं ठरवलं, त्या छपरावर पुन्हा चढायचं नाही. ठरवलं ते बरोबरच होतं. पण आता खाली त्यांचीच पोरं भिजत होती. मी घरोघर जाऊन भांडलो. कोणी हललं नाही.

मग मी एकटाच चढलो. जन्मात कधी कवेलू फेरले नव्हते. दोन बसवीपर्यंत चार गुडघ्याखाली फुटायचे. समोरच्या मोहाच्या झाडाखाली गावातला एक म्हातारा रोज बघत बसे. याच छपरावर कवेलू फुटले म्हणून साहेबाच्या मुकादमानं त्याच्या बापाला मारलं होतं. बाप त्यातून उठलाच नाही.

तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं विचारलं, "कायले फोडून राहिले जी, गुरुजी?"

"शाळा वाचवतोय."

"असानं तं एक बी नाई उरत."

"न उरो. मी उतरणार नाही."

तो उठला. मागची शिडी ओढत पुढं आणली, मातीच्या पायांनी व्हरांड्याच्या पायऱ्या चढला, तिथंच शिडी टेकवली आणि वर आला.

त्यानं कवेलूंची एक ओळ सरासर उतरवली. आतलं कुजकं कापडी छत मी आधीच काढलं होतं, त्यामुळे खालची खोली दिसू लागली. साहेबाच्या काळी बारा वर्षं त्यानं हे छप्पर फेरलं होतं, पण आतली खोली आज प्रथमच बघत होता. बराच वेळ बघत राहिला.

"एवढीशीच खोली?" तो म्हणाला. "याच्यासाठी मेला माहा बाप."

मला रडू आलं. तो रडला नाही. त्यानं माझ्यापुढं हात केला.

"द्या ते कवेलू इकडं. पाणी इथूनच येते."