डावीकडे जड

माझे भावोजी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात आणि बाकीचा वेळ तंद्रीत असतात. या दोन गोष्टी एकाच वेळी चालतात, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. ताईच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या शेडमध्ये गेले, तेव्हा ते कुणाच्या तरी गाडीत डोळे मिटून बसले होते आणि दोन बोटांनी स्टिअरिंग हळूहळू फिरवत होते. मला वाटलं, गिऱ्हाईक गेलंय जेवायला आणि इकडे यांची लागलीय ब्रह्मानंदी टाळी. हाक मारली तर डोळे न उघडताच म्हणाले, "थांब जरा. मोटर बोलतेय."

हल्लीच्या गाड्यांत स्टिअरिंग हलकं व्हावं म्हणून एक छोटी विजेची मोटर असते. आपण हात वळवला की सेन्सर तिला कळवतो आणि तीही आपल्याबरोबर जोर लावते. वीज मध्येच कुठे अडली की मोटर गप्प बसते, समोर दिवा लागतो आणि स्टिअरिंगचा दगड होतो. वीज नेमकी कुठे अडली हे शोधणं हा भावोजींचा धंदा. डावं वळण डाव्या हाताच्या दोन बोटांनी बघायचं, उजवं उजव्या हाताच्या, आणि मग मीटर बाहेर काढायचा. जड की हलकं हे आपल्याच बोटांना विचारायचं, दुसऱ्याच्या सांगण्यावर जायचं नाही, हा त्यांचा हेका.

गाडीतली वीज बॅटरीकडे परत जाते ती गाडीच्या पत्र्यातून. वायर त्या पत्र्याला जिथे जोडतात, त्या जोडाला या धंद्यात 'अर्थ' म्हणतात. निम्मे बिघाड तिथेच असतात. त्यामुळे भावोजी दिवसभर 'अर्थ लागत नाहीये', 'अर्थ सुटलाय', 'अर्थाला गंज चढलाय' असं काहीबाही पुटपुटत असतात आणि नवख्या माणसाला वाटतं की हे आता संन्यास घेणार. शेजारचे दुकानदार त्यांना अर्थराव म्हणतात.

मागच्या वर्षी माझीच गाडी रुसली. जागेवर उभी असताना वळवायला गेलं की दिवा लागायचा आणि स्टिअरिंग हटून बसायचं; बंद करून पुन्हा चालू केली की काही झालंच नाही असा आव. मी ती भावोजींकडे नेऊन सोडली. तेव्हा ताईने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि हळू आवाजात सांगितलं, की यांच्या डाव्या हातातून कप निसटतो, शर्टाची बटणं लावताना रेंगाळतात, आणि डॉक्टरचा विषय काढला की उठून जातात. तू सांग, तुझं ऐकतात. मी सांगितलं. भावोजी हसून म्हणाले, आधी तुझी गाडी, मग माझा हात. हात गेला तर या माणसाचं काय राहील, हे ताई बोलत नव्हती, पण तेवढंच मला ऐकू येत होतं.

गाडीचा बिघाड त्याच दुपारी सापडला. शेडच्या पत्र्याला भोकं आहेत, त्यांतून उन्हाचे कवडसे पडतात आणि दिवसभर जमिनीवरून सरकत राहतात. त्या उजेडात भावोजींनी मीटरच्या वायरीची एक टोकणी, म्हणजे टोकदार सळई, बॅटरीवर ठेवली, दुसरी स्टिअरिंगच्या अर्थावर, आणि मला वळवायला सांगितलं. आकडा जागचा हलायला नको होता, तो टुणकन वर गेला. बॅटरीच्या खालचा अर्थाचा बोल्ट गंजला होता. पॉलिश पेपरने घासून, आवळून, वर व्हॅसलीन फासलं. आकडा खाली बसला, दिवा विझला. मी चावी मागितली. भावोजी आत बसले, डोळे मिटले आणि आधी डाव्या, मग उजव्या हाताच्या दोन बोटांनी स्टिअरिंग फिरवलं.

"डावीकडे जड आहे अजून," ते म्हणाले.

मी चालवून पाहिली. मला तर लोण्यासारखी वाटली. तुला नाही कळायचं, म्हणाले. झालं, गाडी शेडमध्येच अडकली. त्यांनी सेन्सरचा प्लग उघडून साफ केला, टायरची हवा पाहिली, पुढची चाकं उचलून फिरवली, स्कॅनर लावला. सगळं स्वच्छ. मी रोज पायी हिंडत होते आणि मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत होते. एकदा चहा घेताना त्यांनी स्वप्न सांगितलं. ते वायरीच्या आतून चालत होते. आत लांबच लांब व्हरांडा होता, दोन्हीकडे खोल्या, सगळीकडे दिवे. फक्त डाव्या हाताचं एक दार काही केल्या उघडत नव्हतं. पलीकडून कुणीतरी ढकलत होतं, पण जोर पोचत नव्हता. आम्ही तिघंही त्या व्हरांड्यात थोडा वेळ उभे राहिल्यासारखे झालो. ताईचा चहा तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी ताई त्यांचा डबा घेऊन शेडमध्ये आली. मी गाडीची आशा घेऊन आलेच होते. भावोजींना दोन्ही हात टोकण्यांना हवे होते, म्हणून त्यांनी ताईलाच आत बसवलं. ती जन्मात कधी त्या सीटवर बसली नव्हती. तिने सांभाळून डावीकडे वळवलं, मग उजवीकडे, मग परत डावीकडे.

"डावीकडे जड लागतंय ना?" भावोजींनी बॉनेटमागून विचारलं.

"नाही. सारखंच आहे."

"नीट बघ."

तिने नीट बघितलं. मग उतरून त्यांच्यापाशी गेली, त्यांच्या हातातल्या टोकण्या काढून घेतल्या आणि त्यांना सीटवर बसवलं. "आता डावीकडे उजव्या हाताने वळवा," ती म्हणाली.

त्यांनी वळवलं. मोटर हलकेच गुणगुणली आणि स्टिअरिंग अलगद शेवटपर्यंत गेलं. मग डाव्या हाताने, मग पुन्हा उजव्या. भावोजींनी डावा हात मांडीवर घेतला आणि गिऱ्हाइकाने आणून टाकलेल्या वस्तूसारखा उलटसुलट करून पाहिला. एक कवडसा त्या हातावर आला आणि पुढे सरकला.

"गाडी तर केव्हाच झालीय," ते म्हणाले. मग म्हणाले, "अर्थ लागला." त्यांच्या या शब्दावर पहिल्यांदाच कुणी हसलं नाही.

सकाळी त्याच गाडीतून मी दोघांना हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथल्या नसा तपासणाऱ्या बाईंनी त्यांच्या हाताला ठिकठिकाणी वायरी चिकटवल्या आणि बारीक बारीक झटके देत पडद्यावर रेघा पाहिल्या. भावोजींचं लक्ष रेघांकडे नव्हतंच, वायरींकडे होतं. एका वायरीत काहीच येत-जात नाही, ती कशाला लावलीय, असं त्यांनी विचारलं. ती अर्थाची, बाई म्हणाल्या. भावोजींनी मान वळवून ताईकडे पाहिलं आणि दोघंही हसली, आणि मला बाहेर जाऊन डोळे पुसावे लागले. मानेत नस दबली होती. डॉक्टर म्हणाले, यायला उशीर केलात. ऑपरेशननंतर हात चालेल, पण पहिल्यासारखा नाही.

हात चालतो. टोकणी धरतो, बटणं लावतो. त्या बोटांना जड-हलकं मात्र कळत नाही, आणि एकट्या उजव्या हाताच्या सांगण्यावर भावोजी जात नाहीत. म्हणून दुपारी ताई शेडमध्ये जाते, गिऱ्हाइकाच्या गाडीत स्टिअरिंगपाशी बसते, आणि भावोजी शेजारच्या सीटवर डोळे मिटून मोटर ऐकतात. ती डावीकडे वळवते, उजवीकडे वळवते. घाई करत नाही. ती "सारखंच आहे" म्हणाली, की ते उतरतात आणि बॉनेट बंद करतात.